टाचेचे वाढलेले हाड आणि तळपायाच्या दुखण्याची खरी कारणे

प्रश्न थोडक्यात असा आहे : वय ४६ वर्षे, काम दिवसभर उभे राहण्याचे. गेले चार महिने सकाळी उठून पहिले पाऊल टाकताना उजव्या टाचेत जोराची कळ येते आणि थोडे चालल्यावर ती ओसरते. अलीकडे त्याच पायाचा चवडाही दुखू लागला असून संध्याकाळी तळव्याची आग होते. एक्स-रेमध्ये टाचेचे हाड वाढल्याचे दिसले. हे हाड काढावे लागेल का, आणि तळपाय मुळात कोणकोणत्या कारणांनी दुखतो?

आधी हाडाविषयी सांगतो, कारण तुमच्या मनातली मुख्य भीती तीच दिसते. ते हाड काढावे लागण्याची शक्यता फारच कमी आहे. एक्स-रेमध्ये टाचेच्या खालच्या बाजूला, बोटांच्या दिशेने आलेले काट्यासारखे टोक दिसले की तेच आत टोचत असणार असे कोणालाही वाटेल. परंतु टाच आयुष्यात कधीही दुखली नाही अशा अनेक माणसांच्या एक्स-रेमध्येही तसेच टोक सापडते, आणि टाच टेकवता येत नाही इतकी दुखणाऱ्या अनेकांच्या एक्स-रेमध्ये त्याचा मागमूसही नसतो. शिवाय उपचारांनी दुखणे पूर्ण थांबल्यावर पुन्हा एक्स-रे काढला, तर टोक होते तिथेच असते. टाचेच्या त्या भागावर वर्षानुवर्षे पडलेल्या ताणाची ती खूण आहे. आजच्या वेदनेचे कारण बहुधा दुसरीकडे असते. ‘हाड वाढले आहे’ एवढेच सांगून रुग्णाला घरी पाठवणे मला योग्य वाटत नाही, कारण त्या शब्दांनी बसलेल्या भीतीमुळे माणसे चालणे सोडतात, पोटरी आखडते, वजन वाढते आणि बरे होऊ शकणारे दुखणे लांबत जाते.

तळपायाच्या दुखण्याचे कारण शोधताना मी दोन गोष्टी विचारतो. पहिली, दुखते ती जागा एका बोटाने दाखवा. पूर्ण तळव्यावरून हात फिरवू नका. दुसरी, दिवसाच्या कोणत्या वेळी आणि काय केल्यावर दुखते ते सांगा. या दोन उत्तरांतून बहुतेक वेळा निदानाचा मोठा भाग हाती येतो, आणि तपासण्या करायच्याच असतील तर त्या कोणत्या करायच्या हेही त्यावरूनच ठरते.

पावलाची रचना थोडी समजून घेतली तर पुढचे सारे सोपे होईल. एका पावलात २६ हाडे असतात आणि ती कमानीच्या आकारात बसवलेली असतात. कमानीची दोन टोके म्हणजे मागे टाच आणि पुढे चवडा. ही दोन टोके एकमेकांपासून फाकू नयेत म्हणून तळव्याच्या त्वचेखाली, टाचेच्या हाडाच्या आतल्या बाजूपासून बोटांच्या मुळापर्यंत एक जाड, चिवट पट्टा ताणून बसवलेला असतो. त्याला प्लांटर फॅशिया म्हणतात. आपण त्याला तळव्याचा पट्टा म्हणू. पाऊल उचलताना बोटे मागे वळली की हा पट्टा त्यांच्या मुळाशी गुंडाळला जाऊन ताणला जातो आणि कमान उंच व कडक होते. या क्रियेचे वर्णन हिक्स या संशोधकांनी १९५४ मध्ये केले आणि तिला रहाटाची उपमा दिली. विहिरीवरच्या रहाटाला दोर गुंडाळला जावा तसा हा पट्टा प्रत्येक पावलागणिक ताणला जातो व सैल होतो. पाऊल टेकताना मऊ आणि उचलताना ताठ, अशी दुहेरी कामगिरी पावलाला याच पट्ट्यामुळे साधते, आणि दिवसातली हजारो पावले त्याच्याच जिवावर पडतात.

तुम्ही केलेले वर्णन या पट्ट्याच्या दुखण्याचे आहे. टाचदुखीच्या रुग्णांमध्ये सर्वाधिक आढळणारे कारण हेच, आणि त्याचा भर प्रामुख्याने चाळिशी ते साठीच्या दरम्यान दिसतो. याच्या ‘प्लांटर फॅशियायटिस’ या नावात ‘दाह’ असा अर्थ असला, तरी जुनाट दुखण्यात काढलेल्या पट्ट्याच्या तुकड्यांची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी केली असता दाहाच्या पेशींपेक्षा तंतूंची झीज आणि विस्कटलेली रचनाच अधिक दिसते. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हे स्पष्टपणे मांडले गेले. हा फरक केवळ नावापुरता नाही. दाह असता, तर दाहशामक गोळ्यांनी तो मुळापासून गेला असता. झीज मात्र गोळीने भरून येत नाही. तंतूंना पुन्हा हळूहळू भार पेलायला शिकवावे लागते. महिनोन्महिने वेदनाशामक घेऊनही टाच का बरी होत नाही, या प्रश्नाचे उत्तर इथे आहे.

सकाळचीच कळ का येते, हेही यावरून समजते. झोपेत पाऊल खालच्या दिशेला सैल पडलेले असते, त्यामुळे पट्टा आणि पोटरी दोन्ही आखूड अवस्थेत रात्रभर राहतात. उठताक्षणी पूर्ण शरीराचे वजन पडले की तो आखडलेला पट्टा एकदम ताणला जातो आणि त्याच्या टाचेकडच्या मुळाशी कळ उठते. दहा-पंधरा मिनिटे चालल्यावर तो सैलावतो व वेदना उतरते. मात्र बराच वेळ बसून उठल्यावर तीच कळ परत येते आणि दिवसभराच्या श्रमानंतर संध्याकाळी ठणका लागतो. तपासताना टाचेच्या खाली, आतल्या बाजूला, किंचित पुढे अंगठ्याने दाबले की रुग्ण नेमका तिथेच पाय ओढून घेतो. निदानासाठी बहुधा एवढे पुरते. शंका असेल तर सोनोग्राफीत पट्ट्याची जाडी मोजता येते. ती ४ मिलिमीटरपेक्षा जास्त असेल तर निदानाला बळकटी मिळते.

हे कोणाला होते? दिवसभर कठीण पृष्ठभागावर उभे राहणाऱ्यांना, वजन जास्त असणाऱ्यांना, धावण्याचे अंतर अचानक वाढवणाऱ्यांना, सपाट किंवा अति उंच कमानीच्या पायांना. आणि माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित कारण म्हणजे आखडलेली पोटरी. गुडघा सरळ ठेवून पाऊल स्वतःकडे पुरेसे वळत नसेल, तर चालताना ती उणीव कुठेतरी भरून काढावीच लागते, आणि ती भरून काढण्यासाठी कमान प्रत्येक पावलाला जास्त खचते. त्यामुळे टाच दुखते म्हणून आलेल्या प्रत्येक रुग्णाची पोटरी तपासल्याशिवाय मी तपासणी पूर्ण झाली असे मानत नाही.

तरीही टाचेतली प्रत्येक वेदना या पट्ट्याची नसते. टाचेच्या अगदी मध्यभागी, अनवाणी चालताना, दगडावर पाय पडल्यासारखे दुखत असेल, आणि सकाळच्या पहिल्या पावलाला विशेष त्रास नसून दिवस चढेल तसे दुखणे वाढत असेल, तर टाचेखालच्या चरबीच्या गादीकडे लक्ष द्यावे लागते. ही गादी एक ते दोन सेंटिमीटर जाड असते आणि मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या लहान कप्प्यांत भरलेली असते, म्हणूनच ती आघात झेलू शकते. वयपरत्वे, किंवा टाचेत वारंवार स्टेरॉइडची इंजेक्शने घेतल्यामुळे, ती पातळ होते. तिच्यासाठी ताणाच्या व्यायामापेक्षा मऊ, खोलगट टाचेची पादत्राणे उपयोगी पडतात. अचानक चालणे किंवा धावणे वाढवल्यानंतर दुखू लागलेली टाच दोन्ही बाजूंनी तळहातांत धरून दाबल्यावर जास्त दुखत असेल, तर टाचेच्या हाडाला सूक्ष्म तडा गेल्याची शक्यता धरावी लागते. अशा तड्यात पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रे स्वच्छ असू शकतो आणि शंका पक्की असेल तर एमआरआय करावा लागतो. तरुण वयात दोन्ही टाचा दुखत असतील, सोबत सकाळी कंबर अर्धा तास किंवा त्याहून जास्त आखडत असेल, डोळे वारंवार लाल होत असतील किंवा त्वचेवर सोरायसिसचे चट्टे असतील, तर टाचेला स्थानिक उपचार करत बसू नये. संधिवाताच्या तज्ज्ञांकडे जावे. आठ ते पंधरा वर्षांच्या खेळणाऱ्या मुलांमध्ये टाचेच्या मागच्या बाजूला दुखते ते बहुधा वाढत्या हाडाच्या टोकावर पडणाऱ्या ओढीमुळे. खेळ थोडा कमी केला, पोटरीचे व्यायाम केले, की ते थांबते, आणि हाडाची वाढ पूर्ण झाल्यावर पुन्हा उद्भवत नाही. पालकांनी यात घाबरण्यासारखे काही नाही.

कमानीच्या भागात वेदना असेल तर दोन गोष्टी मी वेगळ्या काढतो. घोट्याच्या आतल्या बाजूने एक जाड स्नायुरज्जू खाली उतरून कमानीला वर धरून ठेवतो. मध्यम वयानंतर, विशेषतः स्थूल स्त्रियांमध्ये, तो झिजू लागला की कमान हळूहळू बसते, घोट्याच्या आतल्या बाजूला सूज येते आणि मागून पाहिले तर एका पायाची जास्त बोटे बाहेरच्या बाजूला डोकावताना दिसतात. अशा व्यक्तीला त्या एका पायावर उभे राहून टाच उचलता येत नाही. हा रोग वेळीच ओळखला तर बुटात घालायच्या, आधार देणाऱ्या तळव्यांनी आणि व्यायामाने आवरतो. उशीर झाला तर पायाचा आकारच बदलतो, म्हणून तो टाचदुखी समजून अंगावर काढू नये. दुसरी गोष्ट म्हणजे कमानीत हाताला लागणारी घट्ट गाठ. तळव्याच्या पट्ट्यात तंतूंची अशी गाठ होऊ शकते. ती कर्करोगाची नसते. फार दुखत नसेल तर तिला हात न लावणेच बरे, कारण काढल्यावर ती परत येण्याचे प्रमाण बरेच आहे. मात्र कोणतीही गाठ वेगाने वाढत असेल तर ती तपासून घेतलीच पाहिजे.

आता चवड्याकडे येऊ, कारण तुमचे दुसरे दुखणे तिथे आहे. टाच दुखते म्हणून माणूस नकळत टाच टेकवणे टाळतो आणि वजन चवड्यावर किंवा पावलाच्या बाहेरच्या कडेवर घेऊ लागतो. दोन-तीन महिने असे चालल्यावर चवड्याची हाडे त्या वाढीव भाराने दुखू लागतात. तुमच्या चवड्याचे दुखणे टाचेनंतर, त्याच पायात आणि काही आठवड्यांच्या अंतराने सुरू झाले, यावरून मला हीच शक्यता अधिक वाटते. तसे असेल तर टाच सुधारल्यावर चवडाही शांत होईल.

चवडा स्वतंत्र कारणांनीही दुखतो. उंच टाचांच्या पादत्राणांमुळे शरीराचा भार पुढे ढकलला जातो. अंगठ्याच्या शेजारचे बोट लांब असेल तर त्याच्या मुळावर जास्त दाब येतो. अंगठा बाहेरच्या बाजूला वाकलेला असेल तर त्याच्या वाट्याचे वजन शेजारच्या बोटांना घ्यावे लागते. दुसऱ्या बोटाच्या मुळाखाली दुखत असेल आणि ते बोट हळूहळू वर उचलले जात असेल किंवा अंगठ्याकडे झुकत असेल, तर सांध्याखालचे जाड अस्तर फाटत असते. तिसऱ्या आणि चौथ्या बोटांच्या मध्ये जळजळ, विजेचा झटका बसल्यासारखी कळ, मोज्याची घडी किंवा खडा पायाखाली आल्याचा भास, आणि बूट काढून बोटे चोळल्यावर मिळणारा आराम, ही लक्षणे तिथल्या मज्जातंतूच्या जाड झालेल्या भागाची आहेत. त्याला मॉर्टनचा न्यूरोमा म्हणतात आणि थॉमस मॉर्टन या अमेरिकन शल्यचिकित्सकांनी १८७६ मध्ये त्याचे वर्णन केले. त्याच्या उपचाराची पहिली पायरी इंजेक्शन नसून पुढून रुंद असलेला बूट ही आहे. अंगठ्याच्या मुळाखाली वाटाण्याएवढी दोन लहान हाडे असतात. नृत्य करणाऱ्यांत आणि धावणाऱ्यांत ती दुखावतात. अंगठ्याच्या मुळाचा सांधा रातोरात लाल, गरम आणि चादरीचा स्पर्शही सोसवू नये इतका दुखरा झाला, तर तो गाऊट, म्हणजे यूरिक आम्ल साठून होणारा संधिवात, असण्याची शक्यता मोठी.

चवड्याच्या हाडांचा सूक्ष्म तडा हा विषय थोडा सविस्तर सांगायला हवा, कारण तो हमखास निसटतो. लांब संचलनानंतर सैनिकांचे पाय सुजून दुखतात, हे प्रशिया या तेव्हाच्या जर्मन राज्याच्या सैन्यातल्या ब्राइटहाउप्ट या डॉक्टरांनी १८५५ मध्ये, एक्स-रेचा शोध लागण्याच्या चाळीस वर्षे आधी, नोंदवून ठेवले होते. आजही नव्याने धावू लागलेली, किंवा अनेक महिन्यांच्या विश्रांतीनंतर एकदम लांब चालून आलेली व्यक्ती पावलाच्या वरच्या बाजूला सूज आणि एका हाडावर नेमके दुखणे घेऊन येते. पडल्याचे किंवा मार लागल्याचे आठवत नाही, एक्स-रे स्वच्छ असतो, आणि तिला मुरगळल्याचे सांगून क्रेप बँडेज दिले जाते. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा काढलेल्या एक्स-रेमध्ये भरून येणारे हाड दिसते, तेव्हा उलगडा होतो. दुखणे विश्रांतीने कमी आणि भाराने जास्त होत असेल आणि हाडाच्या एकाच जागी दाबल्यावर दुखत असेल, तर एक्स-रे काही म्हणो, तडा आहे असे धरून भार कमी करणे शहाणपणाचे आहे.

कधी कारण आत खोल नसून त्वचेवरच असते आणि तळवा उजेडात नीट पाहिला जात नाही म्हणून ते राहून जाते. कुरूप आणि चामखीळ यांची तर नेहमी गल्लत होते. कुरूप वरून सरळ दाबल्यावर जास्त दुखते आणि त्वचेच्या रेषा त्यावरून अखंड जातात. चामखीळ दोन्ही बाजूंनी चिमटीत धरल्यावर जास्त दुखते, त्वचेच्या रेषा तिच्याशी तुटतात आणि वरचा थर खरवडल्यावर बारीक काळे ठिपके दिसतात. कुरूप दाबामुळे होते, म्हणून दाब हटवला नाही तर कितीही वेळा कापले तरी ते परत येते. चामखीळ विषाणूमुळे होते आणि पुष्कळदा कालांतराने आपोआप जाते. मधुमेह असलेल्यांनी कुरूपावर लावायच्या आम्लयुक्त पट्ट्या स्वतःहून कधीही वापरू नयेत. त्या पट्ट्यांनी झालेली लहानशी जखम लक्षात येत नाही आणि चिघळते.

तळव्याची आग हा तुमच्या प्रश्नातला तिसरा धागा. आग, मुंग्या, बधिरपणा किंवा सुया टोचल्यासारखी भावना ही मज्जातंतूची भाषा आहे. दोन्ही पायांत, मोजा घातल्याच्या आकारात, बोटांपासून वर सरकणारी आणि रात्री वाढणारी आग असेल तर मधुमेह, ब १२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचा कमी स्राव आणि दीर्घकाळचे मद्यपान ही कारणे आधी तपासावीत. मधुमेहासाठी अनेक वर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्यांमध्ये ब १२ कमी होऊ शकते, त्यामुळे अशा रुग्णाच्या आगीला सरसकट मधुमेहाचेच नाव देऊन थांबू नये. आग एकाच पायात असेल, आणि घोट्याच्या आतल्या हाडामागे बोटाने टिचकी मारल्यावर तळव्यात झिणझिण्या उठत असतील, तर तिथल्या अरुंद मार्गात मज्जातंतू दाबला गेलेला असतो. तळव्याबरोबर पावलाची बाहेरची कडा बधिर असेल, कंबरेतून मांडीमागे आणि पोटरीत कळ उतरत असेल, तर मूळ कंबरेच्या मणक्यात शोधावे. तुमची आग एकाच पायात आणि फक्त संध्याकाळी आहे, त्यामुळे ती भाराशीच जोडलेली असण्याचा संभव जास्त. तरीही या वयात रक्तातली साखर, ब १२ आणि थायरॉइड या तीन तपासण्या एकदा करून घ्याव्यात असे मी सुचवीन.

दुखणाऱ्या तळव्याविषयी एवढे लिहिताना न दुखणाऱ्या तळव्याविषयी सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. मधुमेहात संवेदना गेलेला पाय खिळा रुतला तरी तक्रार करत नाही, आणि माझ्याकडे आलेले सर्वांत गंभीर पाय हे बहुधा ‘डॉक्टर, दुखत तर काहीच नाही’ असे म्हणणाऱ्यांचेच होते. मधुमेह असलेल्या व्यक्तीचे पाऊल अचानक लाल, गरम आणि सुजलेले झाले तर दुखत नसले तरी त्याच दिवशी दाखवावे. आतली हाडे ढासळू लागल्याची ती सुरुवात असू शकते. तसेच रात्री पडल्यावर पाय दुखून तो पलंगाखाली लोंबकळत ठेवल्यावर बरे वाटत असेल, पाऊल गार आणि फिकट पडत असेल, तर रक्तपुरवठा कमी पडतो आहे असे समजून तातडीने तपासणी करावी, विशेषतः धूम्रपान करणाऱ्यांनी.

आता तुमच्या टाचेसाठी काय करावे ते सांगतो. सर्वांत महत्त्वाचा व्यायाम पलंगावरून उतरण्याआधी करायचा आहे. बसून दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर आडवा घ्या, हाताने सगळी बोटे मुळाशी धरून नडगीच्या दिशेने ओढा, आणि दुसऱ्या हाताचा अंगठा तळव्यावर फिरवून पट्टा तारेसारखा ताणला गेला आहे याची खात्री करा. दहा आकडे मोजून सोडा. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा, आणि त्यातली पहिली खेप पहिल्या पावलाआधीच झाली पाहिजे. याच्या जोडीला भिंतीला हात टेकून पोटरी ताणावी, एकदा मागचा गुडघा सरळ ठेवून आणि एकदा किंचित वाकवून, प्रत्येक वेळी साधारण ३० सेकंद.

दोन-तीन आठवड्यांनी सकाळची कळ थोडी उतरली की ताकदीचा व्यायाम सुरू करावा. पायरीच्या कडेवर चवडा ठेवून, बोटांखाली गुंडाळलेला टॉवेल घालून, तीन सेकंदांत टाच वर उचलायची, दोन सेकंद थांबायचे आणि तीन सेकंदांत खाली आणायची. बारा वेळांचे तीन संच, एक दिवसाआड. सुरुवातीला दोन्ही पायांवर, नंतर एका पायावर, आणि तेही सोपे झाल्यावर पाठीवर वजन घेऊन. डेन्मार्कमध्ये झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तीन महिन्यांच्या टप्प्यावर हा व्यायाम नुसत्या ताणापेक्षा सरस ठरला, वर्षाअखेरीस मात्र दोन्ही गट सारखेच झाले होते. म्हणजे दोन्ही मार्ग उपयोगी आहेत, ताकदीच्या मार्गाने आराम लवकर मिळू शकतो. व्यायाम करताना थोडे दुखले तर चालेल. वेदनेला दहापैकी गुण द्यायचे तर ती तीन-चारच्या वर जाऊ नये आणि दुसऱ्या दिवशी सकाळची कळ नेहमीपेक्षा वाढलेली नसावी. वाढली तर एक पायरी मागे यावे, पण व्यायाम सोडू नये.

घरात कठीण फरशीवर अनवाणी चालणे काही महिने थांबवा आणि मऊ तळाची, टाचेला किंचित उंची असलेली पादत्राणे घरातही वापरा. बुटात घालायचे तयार तळवे सुरुवातीला पुरतात. मापाने बनवून घेतलेले महागडे तळवे बहुतेक रुग्णांत त्यांच्याहून फारसे वरचढ ठरलेले नाहीत. कामाच्या ठिकाणी तासभर सलग उभे राहण्याऐवजी मध्ये पाच मिनिटे बसणे शक्य असेल तर तेही करा. गोठवलेल्या पाण्याची बाटली तळव्याखाली दहा मिनिटे फिरवल्याने संध्याकाळचा ठणका उतरतो, मात्र संवेदना कमी असलेल्या पायावर बर्फ वापरू नये. वेदनाशामक गोळ्या काही दिवसांपुरत्या आणि मूत्रपिंड, जठर व रक्तदाबाचा विचार करून डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्याव्यात. वजन जास्त असेल तर ते उतरवण्यासाठी चालण्याऐवजी सध्या पोहणे किंवा सायकल निवडावी.

धीराची गरज मात्र मोठी आहे, आणि ती आधीच सांगितलेली बरी. सहा ते बारा आठवड्यांत फरक जाणवू लागतो, तोही सरळ रेषेत नाही. चार दिवस चांगले आणि एक वाईट, असे चालते. दहापैकी आठ-नऊ जणांचे दुखणे वर्षभरात शस्त्रक्रियेविना आटोक्यात येते. स्टेरॉइडच्या इंजेक्शनाने काही आठवडे चांगला आराम पडतो, पण तो टिकत नाही, आणि वारंवार दिल्यास पट्टा तुटण्याचा व टाचेची गादी झिजण्याचा धोका असतो. त्यामुळे मी ते अगदी अडलेल्या प्रसंगी, तेही व्यायामाला वाव मिळावा म्हणूनच देतो. सहा महिने प्रामाणिक प्रयत्न करूनही फरक नसेल तर शॉकवेव्ह उपचारांचा, म्हणजे त्वचेवरून ध्वनिलहरींचे ठोके देण्याच्या उपचारांचा, विचार करता येतो. शस्त्रक्रिया त्याच्याही नंतर येते, आणि तीही हाडाचे टोक कापण्यासाठी म्हणून नव्हे. पट्ट्याचा काही भाग मोकळा करण्यासाठी किंवा आखडलेल्या पोटरीची लांबी वाढवण्यासाठी.

यातले काही करत असताना टाचेत ‘फट्’ असा आवाज होऊन तळवा काळानिळा पडला, पायावर वजनच घेता येईना, ताप आला, त्वचा लाल व गरम झाली, बधिरपणा वाढत गेला किंवा विश्रांतीतही रात्रभर दुखू लागले, तर व्यायाम थांबवून ताबडतोब तपासून घ्या.

आणि तपासणीला याल तेव्हा नवे बूट घालून येऊ नका. रोजच्या वापरातले जुने जोड बरोबर आणा. टाचेची कोणती कडा जास्त झिजली आहे, तळ मधोमध दुमडतो की बोटांच्या मुळाशी, मागची भिंत अंगठ्याने दाबल्यावर आत जाते का, आतल्या अस्तरावर कोणत्या बोटाखाली खड्डा पडला आहे, हे पाहून तुम्ही गेले वर्षभर कोणत्या भागावर वजन टाकत होता ते मला कळेल. एक्स-रेमधल्या टोकापेक्षा माझ्या दृष्टीने त्या झिजेचे मोल जास्त आहे.